खारट म्हणजे कसं

मी तत्त्वज्ञान विषय घेऊन एम.ए. झाले. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे हे वाक्य मी आजही जरा मोठ्यानंच म्हणते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. बी.ए.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा चुलती म्हणाली होती, "तत्त्वज्ञान म्हंजी काय गं? कीर्तन करनार व्हय तू?" आईनं मान वर न करता उत्तर दिलं, "करू दे की. बिदागी तरी मिळंल."

आता मी सोलापुरातल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तोच विषय शिकवते. त्यात दरवर्षी एक शब्द येतो, क्वालिया. बाकीचं मी पाठ असल्यासारखं शिकवते, पण यंदा हा एक तास मला पुरा करता आला नाही. आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तब्येत बरी नाही असं सांगून मी वर्गाबाहेर आले. वर्गाला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेत 'क्वालिस' म्हणजे कसा, कसला, कोणत्या तऱ्हेचा. त्यातून एकवचनी 'क्वाले' आणि अनेकवचनी 'क्वालिया'. त्याच 'क्वालिस'पासून जुन्या रोमन लोकांनी एका ग्रीक शब्दाला प्रतिशब्द म्हणून दुसरा एक शब्द घडवला, आणि तो देशोदेशी फिरत शेवटी आपल्याकडे 'क्वालिटी' होऊन आला. टॉवेल-चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक कापड चोळत विचारतं ती क्वालिटी. तत्त्वज्ञानात आज जो अर्थ घेतात तो मात्र अलीकडचा. अमेरिकेतल्या एका तत्त्ववेत्त्यानं साधारण शंभर वर्षांपूर्वी तो रुळवला. एखादा अनुभव ज्याचा त्याला आतून कसा वाटतो, ते म्हणजे क्वालिया. दाढ ठणकताना जे ठणकणं असतं ते. गुळाचा खडा जिभेवर विरघळताना जे गोडपण असतं ते. गुळात साखर किती हे मोजता येतं. जिभेवरून मेंदूकडे काय जातं तेही बरंचसं कळलंय. पण तो गूळ दुसऱ्याच्या तोंडात कसा लागला, हे बाहेरच्याला कळायचं कसं, यावर अजून भांडणं चालू आहेत. काही मोठे विद्वान तर म्हणतात, असं वेगळं काही नसतंच, हा नुसता आपला समज. आमच्या सरांनी या शब्दाला 'अनुभवगुण' असं मराठी करून दिलं होतं. मला ते परीक्षेत लिहायला बरं वाटलं, एरवी कधी नाही.

आई शेंगाची चटणी करून विकायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात मागावर होते, आणि मागाच्या पगारात घर चालायचं. माझं शिक्षण चाललं ते चटणीवर. शेंगदाणे आमच्या गावाकडनं यायचे, वैरागजवळच्या शेतातले, चुलत्याकडचे. आई ते मंद जाळावर भाजायची, सालं पाखडायची आणि लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून दगडी उखळात कुटायची. मिक्सरला तिनं हात लावू दिला नाही. मिक्सरमध्ये भुगा होतो, तेल सुटत नाही. उखळात तेल सुटलं की मुसळाचा आवाज बदलतो, ओला होतो. मग ती एक चिमूट तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची आणि थोडा वेळ कुणाशी बोलायची नाही. त्या वेळी आम्हीही गप्प. मग कधी चिमूटभर मीठ, कधी काहीच नाही. एवढं झालं की चटणी पिशव्यांत भरायची.

तिला मिसरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची, सवय होती. आमच्याकडच्या बायकांना असते, दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग सुटत नाही. गालाच्या आत चट्टा आला, तो तिनं दडवला, आणि आम्हाला कळलं तेव्हा ऑपरेशन करायची वेळ आली होती. त्यानंतर मशीनचा शेक, रेडिएशन. डॉक्टर म्हणाले, "तोंडाची चव जाईल. काही महिन्यांनी येते परत. बहुतेकांची येते." दवाखान्यातून घरी येईपर्यंत रिक्षात आई तो 'बहुतेकांची' शब्द मला परत परत विचारत होती. म्हंजी किती जणांची? म्हंजी बायकांची येती का?

चव गेली ती पुरती गेली. पहिल्यांदा ती म्हणाली कापूस चावल्यागत लागतंय. नंतर म्हणाली, कापसाला बी काय तरी असंल, ह्ये तसं बी न्हाय. गंमत अशी की चटणी तोंडात घातली की झोंबायची. जीभ सोलवटलेली, ठसका लागून डोळ्यात पाणी यायचं. "नुसती आग हुतीया," ती म्हणायची, "पर तिकट लागत न्हाय." याचं कारण मला पुस्तकातून माहीत होतं. मिरचीची आग ही चव नव्हेच, ती दुखण्याच्या वाटेनं जाते, आणि ती वाट शाबूत होती. चवी सगळ्या गेल्या होत्या आणि दुखायचं तेवढं राहिलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

अंगात जरा बळ आल्यावर ती पुन्हा उखळापाशी बसली. आम्ही नको म्हणालो. ती म्हणाली, "जिभंनं कुटत हुते व्हय मी? हातानं कुटत हुते." आणि खरंच, चटणी पहिल्यासारखी झाली. मी संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर भाकरीबरोबर खायची आणि मला नवल वाटायचं. गिऱ्हाइकं नेत होती, तक्रार नव्हती. मी तिला म्हणाले, "आई, जीभ विसरली तरी तुझ्या हाताला आठवतंय." हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते वर्गातही सांगितलं. त्या दिवसापासून आई गिऱ्हाइकाशी ताठ बसून बोलायला लागली. चव येवो न येवो, हात आहे, हे तिच्या मनानं धरलं. तिचं सगळं जगणंच त्या एका गोष्टीवर उभं होतं.

मग येळवस आली.

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अवसेला शेतात जेवायला जायची रीत आहे. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना निवद दाखवायचा आणि मग भावकीनं तिथंच पंगत धरायची. ज्वारीची अंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मुख्य म्हणजे भज्जी. हरभऱ्याचा पाला, वाटाणा, पावटा, मेथी, जे जे शेतात असेल ते सगळं एकत्र करून डाळीच्या पिठात शिजवलेली. तिचं पातेलं दरवर्षी आमच्या घरून जायचं, कारण आई थोरली सून. आणि निवद दाखवेपर्यंत त्यातलं काही चाखायचं नाही. मीठ बघायला म्हणून जिभेला लावलं तरी ते उष्टं.

भाऊ नोकरीला बाहेरगावी, वहिनी आमच्यातच असायची; सासूला ती आत्या म्हणायची. ती म्हणाली, "आत्या, आवंदा मी करते की भज्जी." आई म्हणाली, "मी हाय तवर माज्या हातची. मी गेल्यावर तू हायसच."

पहाटे उठून तिनं भज्जी केली. टेंपोची वेळ झाली, पातेल्याला फडकं बांधून आम्ही निघालो. चुलत्याच्या शेतात पोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. निवद झाला, अंबील शिवारात शिंपडून झाली, पंगत बसली. मी उंड्याचा तुकडा भज्जीत बुडवून तोंडात घातला.

मीठच मीठ. नुसतं मीठ नव्हे, कडू वाटावं इतकं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा वहिनीकडे बघत होते. वहिनी ताटाकडे. सगळे खात होते. आजारातून उठलेल्या बाईनं पहाटेपासून चुलीसमोर बसून केलेलं, तोंडातून बाहेर काढायचं कसं? चुलता म्हणाला, "वैनी, झ्याक." पाण्याची घागर पंगतीतून एकदा फिरली, परत फिरली.

आणि मग चुलती बोलली. ही तीच चुलती, माझ्या कीर्तनाची चौकशी करणारी. आईची धाकटी जाऊ. लग्न होऊन आल्यापासून एकाही येळवशीला तिनं आईच्या भज्जीला बरं म्हटलेलं नव्हतं. तेल कमी, मिरची जास्ती, पावटा कच्चा, डाळीचं पीठ गुठळ्यांचं. आईही तिच्या खिरीला तेच करायची. आम्ही पोरं त्याची वाट बघायचो, येळवशीचा तो एक कार्यक्रमच होता. त्या दिवशी चुलती खाली मान घालून म्हणाली, "आक्का, लई ग्वाड झालीया भज्जी. तुमच्या हातची चव कुटं जाती?"

आईच्या हातातला उंडा ताटात आला. ती चुलतीकडे बघत राहिली, मग रिकाम्या झालेल्या घागरीकडे. चुलतीनं मान वर केली नाही. आई उठली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. म्हशीफुडं ठिवा. तिला मीठ लागतंय." पंगतीत कुणाला हसू आलं नाही.

परतीच्या वाटेवर टेंपोत आई, अण्णा, वहिनी आणि मी, असे चौघं मागं बसलो होतो. टेंपो मोठ्या रस्त्याला लागल्यावर आईनं विचारलं, "किती मीठ घातलं हुतं मी?"

"बरुबर घातलं हुतं आत्या," वहिनी म्हणाली. "म्हंजी मला वाटलं कमी पडलं आसंल. चाकायचं न्हवतं, म्हनून अंदाजानं… जरा."

"किती जरा?"

वहिनीनं मूठ दाखवली. मग अण्णा खाकरले. "मी बी घातलं हुतं," ते म्हणाले. "तू अंगुळीला गेलीस तवा."

आई त्यांच्याकडे वळली. "तुमी? जन्मात कवा चुलीफुडं गेलासा तुमी?"

"आता जातो की," अण्णा म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई कुटून दमली की आत आडवी व्हायची, तेव्हा वहिनी चटणी चाखून बघायची. कधी अळणी, कधी खारट. अळणी असली तर मीठ घालून पुन्हा दोन हात मारायचे, खारट असली तर शेंगदाणे वाढवायचे. वहिनी माहेरी गेलेली असली की अण्णा तेच करत, भाजीला आणि आमटीलासुद्धा. दोघंही एकमेकांना बोलले नव्हते. बोलणं म्हणजे आईची लाज काढण्यासारखं वाटलं दोघांना. रोजच्या दिवशी चाखूनच काय ते घालायचं, त्यामुळे एकानं नीट केलेलं दुसऱ्याला नीटच लागायचं आणि काही बिघडायचं नाही. येळवशीला चाखायची बंदी. तीन जणांनी तीन वेळा अंदाजानं मीठ घातलं.

"म्हंजी चटणी बी," आई म्हणाली. वहिनी रडत होती. "लोकं न्हेत हुती ती तुज्या हातची."

"तुमच्याच हातची हो आत्या. मी निस्तं…"

"आसू दे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उखळापाशी बसली नाही. गिऱ्हाईक आलं तर म्हणायची, "बंद केलंय आता. दुसरीकडं बघा." क्वालिटीची चटणी आता कुठं मिळणार, असं एक जुनं गिऱ्हाईक दारात उभं राहून हळहळलं. आई आतून म्हणाली, "मिळंल की. सोलापुरात काय तोटा हाय?"

मग तिनं मला धरलं. "तू शिकलीयास," ती म्हणाली. "तू तरी मला खोटं सांगायचं न्हाय." रोज संध्याकाळी स्वतःच्या ताटातला घास मला द्यायची आणि विचारायची, कसं लागतंय? मी सांगायची, आमटीला मीठ जरा जास्त झालंय. सुरुवातीला तेवढं पुरायचं. पुढं ती म्हणायला लागली, "खारट म्हंजी कसं?"

"आई, खारट म्हणजे खारट."

"ते ठावं हाय गं. कसं, ते सांग."

मी म्हणाले, घाम ओठावर येतो तसं. ती म्हणाली घाम बी इसरले. मी म्हणाले, डोळ्यातलं पाणी. ती म्हणाली, "ते बी लागत न्हाय. बघितलंय मी." मी सांगू लागले की मिठाचे कण जिभेवर विरघळतात, तिथून मेंदूकडे निरोप जातो. ती लक्ष देऊन ऐकत होती, मी शाळेत असताना कविता म्हणून दाखवायची तेव्हा ऐकायची तशी. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "आगुदर आठवत तरी हुतं. घास तोंडात न्हाय लागला तरी डोळं मिटलं की आठवायचं, चटणी कशी लागायची ती. आता तसं बी न्हाय आठवत. म्हनून इचारतीया."

खूप वाचलेलं होतं मी यावर. दोन माणसांच्या मधल्या त्या भिंतीला नाव काय आहे, ते कुणी दिलं, त्याच्याआधी कोणत्या अर्थानं वापरत होते, सगळं. तिच्या बाजूला एक खडा मीठ पोचवायची सोय त्यात कुठंच नव्हती. असं वेगळं काही नसतंच म्हणणाऱ्या विद्वानांना मात्र एकदा आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवावं असं वाटलं.

पुढं मानेला गाठी दिसल्या. डॉक्टरांनी या वेळी फार बोलणं केलं नाही. घरीच ठेवा म्हणाले.

माघात चुलती स्वतः हुरडा घेऊन आली. सकाळी भाजून, चोळून, फडक्यात बांधून आणलेला, तव्यावर पुन्हा कोमट केला. एरवी आई पातळ पेज तेवढी घ्यायची. त्या दिवशी तिनं हात पुढं केला. वहिनीनं चार मऊ दाणे हातावर ठेवले. आई ते बराच वेळ तोंडात घोळवत राहिली. आम्ही सगळे आपापल्या कामात असल्यासारखं करत होतो.

"ग्वाड हाय," आई म्हणाली.

अण्णा खाटेजवळ आले. "खरं?"

"मग काय. कवळा हाय की हुरडा." मग चुलतीकडे बघून, "पर लसणीची चटणी आणली न्हाईस संगं. तुजं सगळं आर्दंच."

चुलती एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता म्हणाली, "तुमच्याच घरात चटणी मागायला आले हुते."

त्या दिवसापासून तिला काही ना काही लागायला लागलं. पेज आज जरा खारट हाय. चहा ग्वाड झालाय. ताक आंबट हाय, उद्या ताजं लावा. अण्णांच्या अंगात जीव आला. बाजारातून ते रोज काहीतरी आणायचे, अंजीर, बोरं, पेरू, एका फोडीपुरतं, आणि तिला चव लागली की तोंडभर हसायचे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, बहुतेकांची येते.

एकदा वहिनीनं मला मोरीपाशी गाठलं. "वन्सं, आज आत्यांच्या चहात साखर घालायची ऱ्हायली. मी प्यायले तवा कळलं." मी विचारलं, आई काय म्हणाली? "ब्येस झालाय म्हनल्या. ग्वाड झालाय म्हनल्या." आम्ही दोघी नळाखालच्या भांड्यांकडे बघत उभ्या राहिलो. तेवढ्यावरून काही ठरत नाही, हे मला कळत होतं. शेकानं बिघडलेली जीभ परत येताना वेडीवाकडी येते, कशालाही गोड म्हणते, असंही होतं म्हणतात. आणि असंही असेल की तिनं आमची येळवशीची पंगत बघितली होती, आणि आता ती आमच्यासाठी तशीच जेवत होती. मी तिला विचारू शकले असते. मला तू खोटं सांगू नको, असं तिनं मला म्हटलेलं, तसं मीही तिला म्हणू शकले असते. ती अंजिराचा गर चोखत होती, अण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि मी काही विचारलं नाही.

ती चैत्रात गेली.

दिवस झाले, पाहुणे पांगले. एका संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले होते. वहिनी भाकरीचं पीठ मळत होती, मी कॉलेजचे पेपर तपासत होते. अण्णा म्हणाले, "शेवटी शेवटी लागत हुतं की तिला."

वहिनी मळत राहिली, मी पुढचा पेपर ओढला.

"तू त्येच शिकवतीस न्हवं कालेजात? माणसाला कसं लागतं, त्येच की?" त्यांनी मला विचारलं. "मग सांग की. लागत हुतं न्हवं?"

वहिनीचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"लागत होतं, अण्णा," मी म्हणाले. "हुरडा तर चांगलाच लागला होता."

"तेच म्हनतो मी," अण्णा म्हणाले, आणि पाय धुवायला उठले.